उलटपावली शिकवणी

जोडीनं नाचायला शिकवणाऱ्या बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी वाटणी होऊन जाते. पुरुष एका रांगेत, बायका समोरच्या रांगेत. यांनी 'लीड' करायचं, त्यांनी 'फॉलो'. ही वाटणी बायकांवर अन्याय करते असं आता बरेच जण म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण तिनं जास्त नुकसान होतं ते लीड करायला शिकणाऱ्याचं, असं माझं मत आहे. ज्याला पुढे न्यायचं आहे त्यानं आधी काही महिने दुसऱ्याच्या हातात, उलट्या पावलांनी चालायला हवं. हे काही आजच्या समतेच्या चर्चेतून सुचलेलं खूळ नाही. ज्या शहरानं टँगो जगाला दिला, तिथली ही जुनी रीत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्युनोस आयर्स स्थलांतरितांनी भरून गेलं होतं. 1914च्या जनगणनेत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती, आणि त्यांत एकट्यानं आलेले पुरुष फार. नाचायला बाई मिळणं दुर्मीळ, त्यात ज्याला नाचता येत नाही त्याच्याबरोबर कोण उठणार? म्हणून पुरुष आपसात सराव करत. या सरावाच्या बैठकीला 'प्राक्तिका' म्हणत. नवशिक्या पोराला तिथे आधी फॉलो करायला लावत, ते जमल्यावरच लीड त्याच्या वाट्याला येई, असं त्या परंपरेतल्या जुन्या नर्तकांनी सांगून ठेवलं आहे. ते काही उदारमतवादी नव्हते. बायकांसमोर फजिती होऊ नये एवढाच हिशेब होता, आणि लीड करायला शिकण्याची हीच मुभा त्यांनी बायकांना फारशी दिली नाही हेही खरं. पण हिशेब बरोबर होता.

तो का बरोबर होता हे टँगोच्या रचनेतच दिसतं. मिलोंगात, म्हणजे टँगोच्या मैफिलीत, पावलं आधी बसवलेली नसतात. लीड करणारा आपलं वजन हलवतो, छातीनं दिशा सुचवतो. पाऊल टाकते ती समोरची व्यक्ती. पाऊल किती लांब, किती सावकाश, त्यात एखादी नक्षी काढायची का, हे बरंचसं तिच्या हातात असतं. ती पोचेपर्यंत थांबणं हे लीड करणाऱ्याचं काम. तिचं वजन डाव्या पायावर असेल तर उजवाच पाय मोकळा असतो. हे न ओळखता त्यानं खूण केली तर ती अडखळते, आणि चूक मात्र तिची ठरते. नवखे पुरुष मग हातानं ढकलतात. इशारा उशिरा आला की पाठीला काय कळतं, हाताची पकड घट्ट झाली की पाय कसा आखडतो, हे वर्णन ऐकून समजत नाही. ते एकदा अंगावर यावं लागतं.

मग कुणीच लीड करू नये, फुगडीसारखं दोघांनी सारखंच असावं, असं कुणी म्हणेल. फुगडीत खरंच पुढारी नसतो. दोघी मागे रेलतात आणि एकीचं वजन दुसरीला तोलून धरतं. पण फुगडी जागच्या जागी फिरते, पुढे काय होणार हे दोघींना ठाऊक असतं. मिलोंगात अनेक जोडपी घड्याळाच्या उलट दिशेनं एकाच खोलीत सरकत असतात, आणि फॉलो करणारी बरेचदा डोळे मिटून, पाठमोरी चालत असते. वाट कुणीतरी पाहायलाच हवी. भूमिका दोन राहणारच. त्या जन्मानं वाटायच्या का, एवढाच प्रश्न. 2001मध्ये हॅम्बुर्गला क्विअर टँगोचा, म्हणजे भूमिका स्त्री-पुरुष पाहून न वाटणाऱ्या टँगोचा, महोत्सव झाला, तेव्हापासून भूमिका बदलत नाचणारे जगभर वाढले, आणि टँगो काही बुडालेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: दोन्ही शिकायला गेलं की धड एकही येत नाही. सुरुवातीला गोंधळ होतो हे मान्य. पण तबलजी सोलोही वाजवतो आणि गवयाच्या साथीलाही बसतो. साथ केल्यानं त्याचा सोलो बिघडला अशी तक्रार ऐकिवात नाही. उलट समोरचा श्वास कुठे घेणार हे ओळखण्याची सवय तिथेच लागते. शिवाय वर्गाला यासाठी जास्तीचा वेळ लागत नाही. टँगोत तीन-चार गाण्यांचा एक 'तांदा' असतो. सरावात दर गाण्याला भूमिका बदलली तर तेवढ्याच संध्याकाळी दोन्ही बाजू होतात. अडचण असलीच तर ती पहिल्या गाण्यानंतर जागा बदला म्हटल्यावर खुर्चीकडे निघणाऱ्या पुरुषांची आहे.