स्वस्ताईचा अंधार

हातगाडीवरचा स्वस्त सेल घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. सुरतेच्या पर्वत पाटिया भागातील रहिवासी तरी विचारणार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पुढेही खाडीला पूर आला की पर्वत पाटियाच्या रस्त्यांवर पाणी चढते. अशा रात्री वीज गेली की घराचा आधार म्हणजे विजेरी. आम्हां किनारपट्टीवासीयांना हा अनुभव परका नाही.

स्वस्त वस्तू ती वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. भिंतीवरच्या घड्याळाला विजेचा प्रवाह अत्यल्प लागतो; तेथे साधा जस्त-कार्बन सेल पुरेसा होतो, महाग अल्कलाइन सेल घेणे ही उधळपट्टीच. परंतु विजेरी वा मोटारीचे खेळणे प्रवाह भराभर ओढते. तेथे अल्कलाइन सेल साध्या सेलच्या कैकपट टिकतो. म्हणून किंमत नगावर नव्हे, तासांवर मोजावी.

दुसरी गोष्ट गळतीची. साध्या सेलमध्ये जस्ताचे डबडे हाच ऋणध्रुव असतो. वापरासरशी ते झिजते, भोक पडते, आतील क्षार बाहेर येऊन विजेरीची स्प्रिंग गंजते. चार रुपये वाचविण्यापायी विजेरीच जाते, आणि तीही नेमकी गरजेच्या वेळी. उन्हात पडून राहिलेला सेल तर वापरण्यापूर्वीच अर्धा मेलेला असतो.

त्याहून गंभीर धोका बटणाएवढ्या लिथियम सेलचा. मुलाने तो गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ज्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते कितीही स्वस्त असो, घरात आणू नये.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेले सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण ज्या सेलवर उत्पादकाचे नावच नाही, त्याला जाब विचारायचा कोणी? गाडीवाल्या गरिबाला हुसकावून हे सुटणार नाही. निनावी माल जेथून येतो, त्या घाऊक दारावरच तपासणी हवी.

ग्राहकाने नाव, तारीख आणि आयएसआय चिन्ह पाहावे, शक्य तेथे पावती मागावी. घड्याळ थांबले तर वेळ चुकेल. पुराच्या रात्री विजेरी विझली तर वाट चुकेल. ह्या दोहोंतील अंतर ओळखणे, हीच खरी काटकसर होय.