युद्धपटातल्या जवानाचे आडनाव काय?

१९९७ साली अकोल्याच्या टॉकीजमध्ये ‘बॉर्डर’ पाहिला तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. आज वकिलाच्या नजरेने तोच चित्रपट पाहिला की उलटतपासणी घ्यावीशी वाटते.

युद्धपटाची पटकथा ठरावीक पात्रांवर उभी असते. न डगमगणारा मेजर, गोळी झाडताना हात कापणारा नवखा अधिकारी, नवविवाहित जवान, आजारी बायकोसाठी रजा मागणारा शिपाई आणि हसवणारा आचारी. प्रत्येकाला काम नेमून दिलेले असते. नवखा अधिकारी प्रेक्षकाची भीती स्वतःवर घेतो, रजा मिळूनही परत फिरणारा मथुरादास कर्तव्य शिकवतो, नवविवाहिताचे मरण डोळ्यांत पाणी आणते. त्यासाठी सत्यालाही बाजूला सारले जाते. लोंगेवालात लढलेले भैरोसिंग राठोड पडद्यावर शहीद झाले. प्रत्यक्षात ते २०२२ पर्यंत हयात होते!

आडनाव हेही पटकथेचे हत्यारच. शीख म्हटला की निधडा, राजपूत म्हटला की आनबान. वेगळे सांगावे लागत नाही. ज्या ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांतावर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली, तोच सिद्धांत इथे पात्र होऊन वावरतो. मग आमचा जवान कुठे आहे? भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. १९४१ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट उभी राहिली. पडद्यावरच्या हिंदुस्थानी फौजेत मात्र हे आडनाव सापडत नाही.

पण त्याच साच्यात एक महार नायक बसवला म्हणजे न्याय झाला, असेही नाही. बाबासाहेबांची मागणी समान हक्काची होती, जातीच्या शौर्याच्या पोवाड्याची नव्हती. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे होते आणि तमिळ होते. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान खांद्याला खांदा लावून लढतात. जन्मावरून शौर्य ठरत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

वऱ्हाडातल्या लिहित्या तरुणांनी आपापल्या गावच्या निवृत्त सैनिकांजवळ बसावे. सुट्टीवर गावी आल्यावर त्यांना कोणत्या विहिरीवर पाणी मिळाले, हेही विचारावे. खरी पटकथा तिथे आहे. कोरेगावच्या स्तंभावर इंग्रजांनी नावे कोरली. पडद्यावरची नावे आपल्यालाच लिहावी लागतील.

जय भीम!