उसाचा दुसरा काटा

भाईंदरच्या मिठागरातला मिठाचा खडा आणि त्याची आरशातली प्रतिमा यांत काही फरक नाही. मिठाच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला तर तो सरळ निघून जातो. साखरेच्या पाण्यात मात्र ते प्रतल उजवीकडे वळते. झां-बातिस्त ब्यो यांनी द्रवांचा हा गुण १८१५ साली दाखवला, तेव्हा त्याचा व्यवहारात काही उपयोग असेल असे कोणाला वाटले नसावे.

१८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून दोन ढीग केले. एक ढीग दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. एकाचे द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचे डावीकडे. हे दोन प्रकार वेगवेगळे स्फटिकतात ते साधारण २७ अंशांखालीच. मिठागराच्या ऐन हंगामात, भाईंदरच्या उन्हात, हा प्रयोग फसलाच असता! पुढे १८७४ मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी या डाव्या-उजव्याचे मूळ कार्बनच्या चार हातांच्या मांडणीत शोधले.

प्रकाश वळवण्याचा हा गुण महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कामाला लागला तो साखर कारखान्यात. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला. आज राज्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस पोलॅरिमीटरमधून बघतात आणि प्रकाश किती वळला त्यावरून साखरेचा आकडा लिहितात: 'पोल'. शेतकरी काटामारीवर भांडतो ते रास्तच आहे, पण वजनकाटा डोळ्यांना दिसतो. हा दुसरा काटा दिसत नाही.

आणि तो चुकतोही. तोडलेला ऊस वाळत पडला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ते मिश्रण प्रकाश डावीकडे वळवते, पोल घसरतो. त्याच शिळ्या उसात जिवाणू डेक्स्ट्रन तयार करतात, आणि ते साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवते. म्हणजे साखर कमी आणि पोल फुगलेला.

पूर्वी याची फारशी झळ बसत नव्हती. शेवटी साखरेची पोती मोजली जात. आता रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे बरीच साखर शिल्लक असलेली मळी, इथेनॉलकडे जाते. जी साखर पोत्यात पडलीच नाही, तिचा हिशेब प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरूनच मांडावा लागतो. २०२२-२३ पासून एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उतारा धरून ठरते आणि उतारा वाढला की वाढते, त्यामुळे दशांशालाही पैशाचे मोल आहे. वार्षिक सभेत ताळेबंदाइतकेच प्रयोगशाळेचे वहीखाते सभासदांपुढे उघडले पाहिजे, आणि त्यात पोलच्या रकान्याशेजारी ऊस तोडून किती तास झाले तेही लिहिलेले असावे.