ट्रॉलीचे टायर वर्गणीतून घ्या, भंगारातून नको

मंडळाच्या खजिनदारांना आणि ट्रॉली सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगायचं आहे: यंदा गणपतीच्या ट्रॉलीचे टायर बदलायचे असतील तर नक्षी बघून घेऊ नका. वजन बघा आणि वय बघा.

आपली ट्रॉली वर्षातून दोनदा रस्त्यावर येते. एकदा परळ-लालबागच्या कारखान्यातून मूर्ती आणायला आणि एकदा विसर्जनाला, मग ते वर्सोवा असो, गोराई असो की पवई तलाव. बाकी वर्षभर ती मैदानाच्या कडेला नाहीतर उड्डाणपुलाखाली, ऊन-पावसात, त्याच चाकांवर उभी. म्हणजे तिचा टायर झिजून जात नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. रबर कडक होतं, बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि नक्षी मात्र नव्यासारखी. कुर्ल्याला जुन्या टायरच्या ढिगातून ‘एकदम कडक माल’ म्हणून जो दाखवतात, तो बऱ्याचदा असाच असतो.

वय ओळखणं सोपं आहे. मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरच्या बाजूला लंबगोलात कोरलेले चार आकडे शोधा. ३५१९ असेल तर तो टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. एका बाजूला सापडला नाही तर दुसऱ्या बाजूला बघा. तिथेही नसेल किंवा घासून काढला असेल तर हात जोडून दुकानातून बाहेर पडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावा, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. रिमोल्डला तर वरून नवा पट्टा असतो, आतला सांगाडा जुनाच. रोज फिरणाऱ्या ट्रकवाल्याला त्याचा हिशोब जमतो. वर्षभर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीला मी तो घालणार नाही.

आता वजन. समजा, लोखंडी ट्रॉली दीड टन आणि वरती मूर्ती, मखर, जनरेटर, चढलेली पोरं मिळून दोन टन. साडेतीन टन चार चाकांवर वाटले तर प्रत्येकी ८७५ किलो. पण वजन असं सारखं वाटलं जात नाही. मूर्ती मागच्या बाजूला असते, आणि खड्ड्यात एक चाक गेलं की भार दुसऱ्याच चाकावर येतो. म्हणून निदान पाव हिस्सा जास्त धरा, म्हणजे जवळजवळ ११०० किलो. टायरवर मापानंतर भाराचा आकडा असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. आपल्याला ११२ हवा. दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिले असतील तर पहिला एकट्या चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. हा भारही हवा पूर्ण असेल तरच पेलतो. गाडीच्या टायरवर ट्रॉली चालवणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेतच. ट्रॉलीला हलक्या ट्रकचाच टायर लागतो. एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे हवेत. एकीकडे नायलॉन, दुसरीकडे रेडियल असं नको. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब आणि फ्लॅपही नवीन घ्या. गंजलेल्या रिमवर नवा टायर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

वजनाचा हिशोब कागदावर असला की आणखी एक काम होतं: वाटेतल्या पुलांचा विचार आधीच करता येतो. घाटकोपरचा रेल्वेवरचा पूल महापालिकेच्या धोकादायक पुलांच्या यादीत आहे. अशा पुलांवर थांबू नका, नाचू नका, असं महापालिका विसर्जनाआधी बजावते, आणि करी रोड, आर्थर रोडसारख्या पुलांवर १६ टनांची मर्यादा घातली आहे. नेमका अशा पुलावर टायर बसला तर गर्दी, मूर्ती आणि ट्रॉली तिथेच अडकते.

मिरवणुकीत टायर फारसा तापत नाही, कारण माणसाच्या चालीने जातो. खरा धोका परतीचा. विसर्जन झालं, पहाट झाली, रिकामी ट्रॉली ट्रकमागे बांधून पोरं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सुसाट निघतात. कमी हवेचा, भेगा पडलेला टायर तेव्हाच फुटतो, आणि मागून दुचाकीवर कोणीतरी येत असतो. चालकाला वेग आधीच ठरवून द्या.

हे सगळं पाद्यपूजनाच्या गडबडीत होणार नाही. मे महिन्यात करा. ट्रॉली भाड्याची असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी मालकासमोरच टायरचे आकडे वाचा. पाचवा टायर, भरलेली ट्रॉली उचलेल असा जॅक आणि चाकाखाली घालायला लाकडी ठोकळे सोबत असू द्या. विसर्जनानंतर आसाखाली ठोकळे लावून चाकं जमिनीपासून उचला आणि टायरवर जुनं ताडपत्रीचं कापड टाका. एवढं केलंत तर ढोल-ताशाच्या सुपारीपेक्षा कितीतरी कमी पैशात पुढची काही वर्षं निघतील.