विश्लेषण : संग्रहालयाची संध्याकाळ टिटवाळ्याच्या वाट्याला का येत नाही?

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सायंकाळी सहाला बंद होते. समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही सहालाच. फोर्टमधली बहुतेक ऑफिसे सुटतात तीही याच सुमारास. टिटवाळ्याच्या नोकरदाराला मग उरतो रविवार. म्हणजे मेगाब्लॉक आणि एका बाजूने दीड तासाचा प्रवास. तो संग्रहालयात जात नाही, याला ‘लोकांना कलेत रस नाही’ म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

संध्याकाळी चित्रे पाहणे म्हणजे काय?

पॅरिसचे लूव्र संग्रहालय बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत खुले असते. बर्लिनमध्ये १९९७पासून ‘संग्रहालयांची प्रदीर्घ रात्र’ साजरी होते. अशा वेळी दहा-पंधरा जणांचा गट एखाद्या जाणकारासोबत फिरतो. भाषण नाही, परीक्षा नाही. तीन-चार चित्रांसमोरच थांबायचे आणि काय दिसते ते एकमेकांना सांगायचे.

जाणकार कशासाठी?

पाय थांबावेत म्हणून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचे आढळले. मोबाइलवर रील पाहायला लागतो, साधारण तेवढाच वेळ. जाणकार एक साधा प्रश्न विचारतो आणि पाहणारा पाच मिनिटे चित्रासमोरून हलत नाही.

टिटवाळ्याचा काय संबंध?

इथल्या महागणपतीची आख्यायिका शकुंतलेशी जोडलेली आहे. कण्व ऋषींच्या सांगण्यावरून तिने गणेशाची आराधना केली आणि दुरावलेला दुष्यंत तिला परत मिळाला, असे मानतात. हीच शकुंतला राजा रविवर्मा यांनी अनेकदा रंगवली. १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्रही शकुंतलेच्या जन्माचेच.

त्यांच्या प्रसिद्ध चित्रात शकुंतला सखीच्या खांद्यावर हात ठेवून पायातला काटा काढते आहे. कॅलेंडरवर ते अनेकांनी पाहिले असेल. पण तिची नजर पायाकडे आहे का? ती मागे वळून पाहते आहे. ज्याच्यासाठी पाहते तो दुष्यंत चित्रात नाहीच. काटा हे निमित्त आहे, हे कळले की ओळखीचे चित्र नव्याने दिसते. त्यासाठी कलेची पदवी लागत नाही.

मग काय करायला हवे?

संग्रहालयांनी महिन्यातून निदान एक संध्याकाळ नऊपर्यंत दारे उघडी ठेवावीत आणि मराठीत बोलणारा जाणकार द्यावा. सुरक्षा, वीज, कर्मचारी यांचा खर्च वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच रोज नव्हे, एकच दिवस.

तोवर कल्याण-डोंबिवली महापालिकेने वाट पाहू नये. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर हाताशी आहेत. टिटवाळ्यात शाळेचा वर्गही पुरेल. चार चित्रांच्या मोठ्या छापील प्रती, बरा उजेड आणि प्रश्न विचारणारा कलाशिक्षक एवढीच सामग्री लागते. मूळ चित्राची सर छापील प्रतीला येणार नाही, हे खरे. पण पाहण्याची सवय तिच्यासमोरही लागते.

संग्रहालये सार्वजनिक आहेत. दिवसभर कामावर असणाऱ्यांना ती पाहताच येत नसतील, तर त्या ‘सार्वजनिक’ शब्दात टिटवाळा बसतो का, हे एकदा तपासायला हवे.