सांबरशिंगाला कायदा, सड्यावरच्या चाकांना मोकळीक




पाऊस लागला की सातारा-पाटणकडच्या सड्यांवर शनिवार-रविवारी फोर बाय फोर गाड्यांचे ताफे चढतात आणि सोमवारपर्यंत त्यांची रील मोबाइलवर फिरू लागतात. यंदाही तेच होणार. त्याआधी एक तक्रार मांडायची आहे. रानातून माणूस काय उचलून नेतो, यावर आपला कायदा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो; रानात चाकाखाली काय जातं, हे विचारायला मात्र कोणी नाही.

सांबरशिंगाचंच घ्या. सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा नवी येतात. गळालेलं शिंग उचलायला जनावराच्या अंगाला हात लावावा लागत नाही. पूर्वी आमच्या भागात बऱ्याच घरांतून शिंगाचा तुकडा असायचा. छातीत कळ आली, कुशी भरली की सहाणेवर उगाळून त्याचा लेप. आज असं पडलेलं शिंग गुराख्यानं उचलून घरी नेलं, तरी तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिंग ही सरकारी मालमत्ता. हाती लागलं, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. २०२२ च्या दुरुस्तीनं तर या कायद्यातल्या साध्या गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादाही २५ हजारांवरून १ लाखावर नेली. तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच.

ही बंदी उठवावी, असं माझं म्हणणं नाही. शिंगाला बाजार मिळाला की सुरीच्या मुठीचा तुकडा गळालेल्या शिंगाचा की मारलेल्या सांबराचा, हे ओळखणार कोण? शिवाय पडलेलं शिंग रानात फुकट जात नाही. जुनं शिंग बारकाईनं पाहिलं तर कडेला छिन्नीनं तासल्यासारखे ओरखडे दिसतात. ते साळिंदराच्या दातांचे. शिंगातलं कॅल्शियम त्याच्या पोटात जातं. तेव्हा कायदा कडक आहे ते ठीकच. पण हीच कळकळ सड्यावर पोचेपर्यंत कुठे जाते?

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. वर माती कुठे वीतभर, कुठे बोटभरसुद्धा नाही. जूनमध्ये खोलगट जागी पाणी साचतं आणि त्या ओलीवर चार महिन्यांचा संसार उभा राहतो. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, किडे पकडणारे दवबिंदू, निळ्या-जांभळ्या सीतेची आसवं. यातली सीतेची आसवं गुडघे टेकून पाहावी अशी; मातीत पोषण नाही म्हणून ती जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. वायतुरा तर सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर उरला आहे. अशा जागी दीड-दोन टनांची गाडी चिखलात मुद्दाम गरागरा फिरवली, की माती खरवडून खालचा दगड उघडा पडतो. एवढ्यावर भागत नाही. चाकोरी डबक्याची कड फोडते, पाणी तिच्यातून वाहून जातं आणि मागे राहिलेली मातीही सोबत नेते. पुढच्या वर्षी तिथे डबकंच नसतं, मग फुलं कुठून येणार?

राखीव वनाच्या हद्दीत हे घडलं तर निदान १९२७ चा वन कायदा आहे. पण कितीतरी सडे खासगी मालकीचे नाहीतर गायरानातले. सातबाऱ्यावर त्यांची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून तिथे काही बिघडतं हे महसूल खात्याच्या गावीही नसतं. कोकणातल्या सड्यांवर तर फुलांच्या जोडीला कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला जांभ्यावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले आहेत. ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषा उथळ, दगड मऊ. गाडीवाल्याला पावसात ती दिसतसुद्धा नाहीत.

अमेरिकेत शिंगं आणि चाकं या दोन्हींवर बराच विचार झाला आहे. तिकडचं सगळंच चांगलं, असं मानणाऱ्यांतला मी नव्हे. पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. वायोमिंग राज्याच्या पश्चिम भागात सरकारी जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल गळालेली शिंगं वेचायला मनाई असते. हिवाळ्याच्या अखेरीस एल्क आणि इतर हरणं अंगातल्या चरबीवर तग धरून असतात. शिंगांसाठी माणसं मागे लागली की ही जनावरं पळतात आणि उरलीसुरली ताकद घालवून बसतात. मे उजाडला की राज्यातल्या वेचणाऱ्यांना रान मोकळं. दुसरी गोष्ट चाकांची. आपला वन्यजीव कायदा आला त्याच १९७२ साली तिथले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर आडरानात फिरणाऱ्या गाड्यांना शिस्त लावणारा आदेश काढला. पुढे २००५ मध्ये तिथल्या वनखात्यानं नियम केला, की नकाशात दाखवलेल्या वाटांवरच गाडी न्यायची, बाकी सगळीकडे बंदी. आपल्याकडे नेमकं उलटं आहे: पाटी नाही, म्हणजे वाट मोकळी!

जीपवाल्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. आम्ही आलो की गावातल्या खाणावळी चालतात. पुरात अडकलेल्यांना काढायला आमच्याच गाड्या धावतात. दोन्ही खरं आहे. पण खाणावळीत जेवायला सड्यावर गिरक्या मारायची गरज नसते. तुमची गुरं आणि बैलगाड्या जातातच की, असंही ऐकवतात. जातात, पण बैलगाडी वर्षानुवर्षं एकाच वाटेनं जाते. बैलांना रील काढायची नसते.

दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि धरणांवर जायला मनाई करणारे आदेश काढतात. त्याच धर्तीवर जून ते ऑक्टोबर सड्यांवर वाट सोडून गाडी घालायला मनाई करावी. कासच्या पठारावर रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून, गाड्या लांब उभ्या करून हे जमवलं आहे. म्हणजे प्रशासनाला जमत नाही असं नाही. हौसेसाठी खडीच्या बंद पडलेल्या खाणी आहेत, तिथे रीतसर भाडं घेऊन ट्रॅक आखून द्यावेत. आणि मनाई मोडणाऱ्याचा पुरावा शोधत हिंडायलाही नको. गाडीचा नंबर दिसेल असा व्हिडिओ तो स्वतःच सोमवारी टाकतो.

आपला नम्र,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)