घरातला एकच लॅपटॉप

एका भगिनीने विचारले आहे : "मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणतो, 'अम्मी, लिनक्सचा कर्नेल मी स्वतः तयार करणार.' घरात लॅपटॉप एकच. त्यावर लिनक्सच आहे, पण त्याच्या अब्बांच्या दुकानाचा हिशेबही त्यातच. करू द्यावे का?"

करू द्या. पण तो काय करणार आहे, ते आधी समजून घ्या.

कर्नेल म्हणजे यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. कोणाला किती मेमरी द्यायची, डिस्क, कीबोर्ड, वायफाय यांच्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे तो पाहतो. लिनक्सचा कर्नेल १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने लिहायला घेतला. त्याचा सोर्स कोड खुला आहे; कोणीही तो उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा.

'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा दिली की हजारो पर्यायांची यादी उघडते. बहुतेक ड्रायव्हरांपुढे तीन उत्तरे असतात : कर्नेलमध्येच घाल, मॉड्यूल कर, किंवा सोडून दे. स्वयंपाकघराचेच पाहा. रोजचा तवा ओट्यावर असतो. बिर्याणीची देग माळ्यावर असते. लागली की उतरवायची, काम झाले की परत ठेवायची. मॉड्यूल म्हणजे ही देग.

पण माळ्यावर चढायची शिडीच माळ्यावर ठेवली तर? नवशिके नेमके इथे फसतात. डिस्क वाचणारा ड्रायव्हर मॉड्यूल केला आणि ते मॉड्यूल त्याच डिस्कवर राहिले, तर कर्नेल सुरू होतो आणि तिथेच थांबतो. म्हणून असा ड्रायव्हर कर्नेलमध्येच घालावा, नाहीतर सुरुवातीला मेमरीत उतरणाऱ्या 'इनिटरॅमएफएस' या छोट्या गाठोड्यात तो असल्याची खात्री करावी.

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा त्या क्षणी वापरात असलेलीच मॉड्यूल्स ठेवते, त्यामुळे वेळ आणि जागा वाचते. मात्र प्रिंटर, पेनड्राइव्ह आधी जोडून ठेवावेत, नाहीतर त्यांचे ड्रायव्हर गळतील. मग 'मेक', 'मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल' आणि 'मेक इन्स्टॉल', याच क्रमाने. जुन्या लॅपटॉपवर याला काही तास लागू शकतात. चार्जर लावलेला असू द्या.

मुलाला तीन अटी घाला. पहिली, नव्या कर्नेलच्या नावाला वेगळी खूण जोडायची, म्हणजे जुन्याची मॉड्यूल्स पुसली जाणार नाहीत. दुसरी, जुना कर्नेल काढायचा नाही. नवा बिघडला तर सुरुवातीच्या ग्रब मेन्यूतून जुना निवडता येतो. तिसरी, दुकानाच्या कामाला जुनाच कर्नेल वापरायचा. त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटमधून येतात. स्वतः बांधलेल्याच्या मात्र स्वतःच आणाव्या लागतात.

पहिल्या खेपेला नवा कर्नेल चालू झाला नाही, तर रागावू नका. कुठे अडले ते पडद्यावर लिहून येते. ते वाचून चूक शोधणे हाच खरा अभ्यास आहे. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर उतरली आणि ती उघडते, एवढे मात्र आधी स्वतः पाहा.